किमान सात

११ मार्च, मंगळवार

आजपासून मी युनिव्हर्सिटीच्या फुटबॉल क्लबच्या महिला रिझर्व्ह टीमची कोच आहे. (मेलबर्नमध्ये फुटबॉल म्हणजे लांबट बॉलचा खेळ. आपल्याला सॉकर म्हणावं लागतं. इथे लिहिताना मी फुटबॉलच लिहिणार.)

ट्रायलला मी खेळाडू म्हणून गेले होते. फ्रँकी क्लबची सेक्रेटरी आहे, आणि याच टीमची गोलकीपरही. तिने थोडा वेळ माझा खेळ पाहिला आणि म्हणाली, मेट, तुझी नजर एवढी चांगली आहे की तू लाइनच्या बाहेर उभी राहिलीस तर टीमला जास्त फायदा होईल. हे मलाही जाणवलं होतं. गेल्या वर्षीचा कोच सीझनच्या मध्येच पर्थला निघून गेला. त्याच्या जागी दुसऱ्या कुणी नाव दिलं नव्हतं, पण निवड ती निवड.

टीम गेल्या वर्षी एकही मॅच जिंकली नाही. सगळ्यात खालच्या डिव्हिजनमध्ये सगळ्यात खाली. आणखी पडायला जागाच नाही, त्यामुळे पुनर्बांधणीसाठी आदर्श. मी स्ट्रक्चरल इंजिनिअर आहे, इथे त्यातच मास्टर्स करते. इमारत झुकली की रंगाकडे बघायचं नसतं, भार कुठून कुठे उतरतो ते बघायचं. तीन वर्षांचा आराखडा डोक्यात तयार आहे.

घरी नॅन्सी मावशीला सांगितलं. (मम्मीची धाकटी बहीण. मेलबर्नच्या कडेला वेरिबीत मी तिच्याकडेच राहते.) ती म्हणाली, तू शिकवणार पोरींना? वसईला चर्चमधल्या तुझ्या कॅटेकिझमच्या वर्गातली पोरं रडत घरी जायची. माझ्या त्या वर्गाचा निकाल शंभर टक्के होता, हे ती सोयीने विसरते.

१३ मार्च, गुरुवार

पहिलं ट्रेनिंग. अठराजणी आल्या. संख्या उत्तम. बाकी सगळं वाईट.

ऐश्वर्या लेफ्ट विंगला खेळते. जन्म इथलाच, आईवडील पुण्याचे. वेग आहे, दिशा नाही. नीलिमा सेंटर बॅक, नागपूरची, एज्ड केअरमध्ये नर्स. बॉल अडवते आणि मग ज्या मुलीकडून अडवला तिलाच सॉरी म्हणते. फ्रँकी गोलमध्ये उभी राहून जोक सांगते. बॉल दुसऱ्या टोकाला असला तर एकवेळ समजू शकते. पण तो या टीममध्ये फारसा दुसऱ्या टोकाला नसतो.

ट्रेनिंगनंतर बार्बेक्यू. सॉसेज, ब्रेड, कांदा. सराव संपवून सगळ्या त्या शेगडीभोवती उभ्या राहतात आणि सरावाला लागला त्याहून जास्त वेळ बोलतात. शिफ्टबद्दल, सासूबद्दल, घरमालकाबद्दल. फुटबॉलबद्दल एक अक्षर नाही.

पुढच्या आठवड्यापासून बार्बेक्यू बंद. त्या वेळात स्ट्रेचिंग आणि व्हिडिओ. मी जाहीर केलं तेव्हा कुणी विरोध केला नाही. ऐश्वर्या फक्त ‘ओह’ म्हणाली. म्हणजे मान्य आहे.

२९ मार्च, शनिवार

पहिली मॅच. ०–८.

वारा. पहिल्या हाफमध्ये तो आमच्या तोंडावर होता. दुसऱ्या हाफमध्ये त्यांच्या तोंडावर होता, पण तोपर्यंत आमची लय गेली होती.

सुरुवातीचा काही वेळ रचना अगदी आराखड्याप्रमाणे टिकली. मग त्यांना बॉल मिळाला.

३० मार्च, रविवार

ग्रुपवर मॅचचं विश्लेषण पाठवलं. प्रत्येक गोल, प्रत्येक चूक, नावासकट. पुलाच्या तपासणीत ‘कुठल्यातरी एका खांबाला तडा आहे’ असं लिहून चालत नाही. खांबाचा नंबर द्यावा लागतो.

एक थम्ज-अप आला. फ्रँकीचा. संध्याकाळी पाहिलं तर तिने तो काढून घेतला होता. चुकून बोट लागलं असेल.

१८ एप्रिल, गुड फ्रायडे

सगळ्यांना सुट्टी, ग्राऊंड रिकामं. जादा सराव ठेवला, ऐच्छिक. तिघी आल्या. त्यातल्या दोघींना वाटलं होतं बार्बेक्यू परत सुरू झालाय.

मावशी दुपारच्या प्रार्थनेला निघताना दारात थांबून म्हणाली, तिकडे येशू क्रुसावर, आणि तू इकडे ग्राऊंडवर ते प्लास्टिकचे कोन मांडत बसणार? वसईची चार माणसं विचारतील तुझ्याबद्दल, मी काय सांगू? खरं काय ते सांग म्हटलं. परत आल्यावर म्हणाली, सांगितलं की पोट बिघडलंय.

आतापर्यंत तीन मॅच, तीन हार. गोलफरक लिहीत नाही. या टप्प्यावर तो दिशाभूल करतो.

ट्रेनिंगला येणाऱ्या कमी झाल्या आहेत. गळती पुनर्बांधणीत अपेक्षितच असते. सैल झालेलं प्लास्टर पडू द्यायचं.

१० मे, शनिवार

मॅच झालीच नाही. कारण नीट नोंदवून ठेवते.

नियम असा: मैदानात किमान सात खेळाडू हव्यात. नसतील तर मॅच सोडून दिली असं धरतात. सीझनमध्ये तीन मॅच सोडल्या की टीम लीगमधून बाहेर. फ्रँकी म्हणते, तसं झालं तर क्लब ही टीम कायमची बंद करेल, कमिटीतल्या निम्म्या लोकांना तेच हवंय. आणि ही टीम म्हणजे, तिच्या शब्दांत, ज्यांना दुसरीकडे कुणी घेणार नाही त्यांची टीम.

म्हणून मी गुरुवारी प्रत्येकीला एकेकटं गाठून विचारलं, शनिवारी येणार का. नऊजणी म्हणाल्या, हो ना. इंग्लिशमध्ये म्हणाल्या, पण शब्दशः तेच: ‘येऽ, नाऽ.’ हो ना. मला बरंही वाटलं. इथल्या पोरीसुद्धा आपल्यासारखंच बोलतात. काहींनी पुढे काहीतरी सांगितलं, आईचा वाढदिवस वगैरे, पण होकार मिळाल्यावर मी तपशिलात गेले नाही.

आल्या सहाजणी.

रेफ्री वयस्कर होता, घाई करत नव्हता. त्याने एक संत्रं सोलून अख्खं खाल्लं, मग घड्याळ पाहिलं. फ्रँकीने मला विचारलं, कॅस, ट्रायलला तुझं नाव खेळाडू म्हणून नोंदवलेलं आहे, बूट आहेत का? मी नाही म्हटलं. बूट बॅगेत होते. पण कोचनेच रचना सोडून मैदानात उतरायचं म्हटलं तर रचनेला अर्थ काय राहिला?

संध्याकाळी ग्रुपवर लिहिलं: ‘नऊजणींनी मला स्पष्ट होकार दिला होता. दिलेल्या शब्दाची काही किंमत असावी.’ कडक झालं, पण गरजेचं होतं.

१३ मे, मंगळवार

ऐश्वर्या कॅन्टीनमध्ये येऊन समोर बसली. म्हणाली, कॅस, तुझा मेसेज वाचून ब्री रडली. (ब्री म्हणजे ती आईच्या वाढदिवसवाली.) शी इज रिअली अपसेट. तिने तुला ‘नाही’ असंच सांगितलं होतं.

मी म्हटलं, ती हो ना म्हणाली.

 ऐश्वर्या एवढी हसली की शेजारच्या टेबलवरचे बघायला लागले. म्हणाली, ओ माय गॉड. येऽ नाऽ म्हणजे नाही. म्हणजे, हो, तुझं ऐकलं, पण नाही. आणि नाऽ येऽ म्हणजे हो. मी विचारलं, आणि येऽ नाऽ येऽ? ती म्हणाली, हो, पण मनातून नाही.

मग म्हणाली, माझी आई पण करते हे. बाबा काहीतरी लांबलचक सांगत असतात आणि ती हो ना, हो ना करत असते. शी हॅज नेव्हर वन्स मेंट येस.

तर हा भाषेचा दोष होता, माझ्या पद्धतीचा नाही. समाधान वाटलं. ऐश्वर्याने विचारलं, ग्रुपवर सॉरी म्हणणार का? त्यापेक्षा उपयोगी गोष्ट केली. यापुढे सगळ्यांनी फक्त आकड्यात उत्तर द्यायचं असं कळवलं. येणार असेल तर १, नसेल तर ०.

ब्रीने लगेच उत्तर दिलं. ०. पुढच्या शनिवारबद्दल मी अजून विचारलंही नव्हतं.

३१ मे, शनिवार

१–११. आठजणी खेळल्या. गोल त्यांच्या सेंटर बॅकने चुकून स्वतःच्याच जाळ्यात मारला, पण तो आमच्या दबावामुळे.

ग्रुपवर आता बहुतेक शून्यं येतात. तरी निदान डेटा स्वच्छ आहे.

१५ जून, रविवार

वसईहून पप्पांचा फोन. ते आमच्या गावाच्या टीमचे बरीच वर्षं मॅनेजर होते. फुटबॉल त्यांना फारसा कळत नाही.

मी परिस्थिती थोडक्यात सांगितली. ते म्हणाले, पोरी, आपल्याकडे कुणी यायचा बंद झाला की आम्ही त्याच्या घरी जायचो. चहा प्यायचो. मॅचचा विषय काढायचा नाही. त्याची म्हातारी कशी आहे, विहिरीला पाणी आहे का, एवढंच. उठताना म्हणायचं, रविवारी ये रे. यायचा.

मी विचारलं, आणि जिंकायचात का? म्हणाले, कधी कधी. पण अकरा व्हायचे.

मोठ्या प्रमाणावर चालणारी पद्धत नाही. मात्र घरी जाण्याच्या कल्पनेत तथ्य आहे. माणूस स्वतःच्या घरात जास्त एकाग्र असतो.

२२ जून, रविवार

नीलिमाकडे गेले. ती तीन आठवडे आलेली नाही, आणि तिच्याशिवाय बचाव उभाच राहत नाही. दार उघडल्यावर खूश झाली. अगं ये ये, बस, चहा टाकते, पोहे खाशील ना? म्हटलं, आधी पाच मिनिटांचं काम उरकू.

लॅपटॉप त्यांच्या टीव्हीला जोडला. तिच्या चुकांच्या क्लिप वेगळ्या काढून नेल्या होत्या, हळू वेगात, बाण काढून. तिचा नवरा धर्मपाल सोफ्यावर होता, तो उठून आत गेला. छोटी मुलगी मात्र शेवटपर्यंत बघत होती. दर वेळी म्हणायची, मम्मी, यू मिस्ड इट अगेन.

नीलिमा ट्रे घेऊन उभी होती. म्हणाली, हे मला माहितीये गं. मी तिथेच होते.

मी म्हटलं, माहीत असणं आणि दिसणं यात फरक आहे.

तिने ट्रे ठेवला आणि बसली. आवाज चढवला नाही. म्हणाली, मी आठवडाभर म्हाताऱ्या माणसांना उचलते. घरी आले की ही, हा, स्वयंपाक. शनिवारी ग्राऊंडवर असते तेवढा वेळच कुणी ‘नीलिमा, इकडे बघ’ म्हणून ओरडत नव्हतं. आम्ही हरायचो, हसायचो, सॉसेज खायचो. आता तिथेही तू ओरडतेस. आणि हरतोच आहोत.

मी म्हटलं, हरण्याचा दर्जा सुधारलाय.

पोहे चांगले होते. खोबरं जरा जास्त. निघताना ती ‘सांभाळून जा’ म्हणाली. रात्री ग्रुप सोडून गेली. दबावाखाली तिची प्रतिक्रिया कशी असते, हे मैदानावरही दिसलंच होतं.

५ जुलै, शनिवार

दुसरी मॅच सोडली. पाचजणी. यात मला आणि फ्रँकीलाही धरलं आहे.

परतीच्या बसस्टॉपवर फ्रँकी माझ्याबरोबर थांबली, तिची गाडी तिथेच असताना. म्हणाली, मेट, तुला ही टीम हवी आहे ना? मी म्हटलं, अर्थात. ती म्हणाली, नाही, म्हणजे टीम. या मुली. तुला आवडतात का त्या?

प्रश्न नीट मांडलेला नव्हता. मी म्हटलं, त्यांच्यात क्षमता आहे.

ती म्हणाली, राइटो. बस आली तेव्हा गाडीकडे गेली.

१७ जुलै, गुरुवार

ट्रेनिंगला कुणीच नाही. पाऊस नव्हता. परीक्षा नव्हत्या. मी कोन मांडले, आणि जरा वेळाने गोळा केले.

मावशीने विचारलं, कशा आहेत गं तुझ्या मैत्रिणी? एकदा घरी आण, फुगे तळते, पोर्क करते. म्हटलं, सीझन चालू असताना तळलेला मैदा नको. ती म्हणाली, बरं, सीझन संपल्यावर. म्हटलं, बघू.

२ ऑगस्ट, शनिवार

सातजणी. ०–९. पण खेळलो, मॅच धरली गेली. सातवी फ्रँकीची मामेबहीण होती, जी हायहिल्स घालून आली होती आणि कुणाचे तरी बूट घालून खेळली.

सुधारणेचा कल स्पष्ट आहे. ०–११ चे ०–९ झाले. (१–११ होते. तपासलं. तरी फरक कमीच झाला आहे.)

शेवटची मॅच २३ तारखेला. ती सोडावी लागली की टीम संपली. यावर मी एक उपाय शोधला आहे: सात खेळाडूंचा व्यूह. प्रत्येकीचे कोन, अंतरं, सगळं काढून ग्रुपवर पाठवलं. फक्त सातजणी ठरायच्या बाकी आहेत.

१९ ऑगस्ट, मंगळवार

शनिवारसाठीची उत्तरं: ०, ०, ०, ०. बाकीच्यांनी उत्तर दिलेलं नाही.

फ्रँकीचा फोन आला. आवाजात नेहमीची मस्करी नव्हती. म्हणाली, कॅस, तू सीझनभर खूप राबलीस. थकली असशील. हा शनिवार सुट्टी घे. मी बघते.

मी म्हटलं, शेवटच्या मॅचला कोच नाही? ती म्हणाली, नको येऊस, मेट. प्लीज.

खरंच थकले आहे. चांगल्या संस्थेत अशी काळजी घेतात. टीमच्या अस्तित्वाचा प्रश्न असताना तिला माझ्या विश्रांतीचं सुचावं, हे मोठेपण आहे.

सात होणार नाहीत याची मला पूर्ण खात्री आहे. होणार नसतील तेव्हा मी तिथे नसावं, असंही तिला वाटलं असेल.

२३ ऑगस्ट, शनिवार

घरी बसून थिसिसचं काम करायचं ठरवलं होतं. सकाळीच निघाले. आत जायचं नव्हतं. रस्त्याच्या बाजूला कुंपण आहे, तिथून फक्त मोजायचं होतं.

आधी धूर दिसला. कांद्याचा वास. मॅच संपायच्या आधीच शेगडी पेटवलेली.

मोजलं. परत मोजलं. मैदानात अकरा. बाहेर बदली म्हणून पाच. ब्री होती. ज्यांनी शून्य पाठवलं होतं त्या चौघीही होत्या. नीलिमा सेंटर बॅकला होती आणि तिची मुलगी लाइनवरून ‘गो मम्मी’ ओरडत होती. धर्मपाल सॉसेज उलटत होता. रचना कसलीच नव्हती. तिघी एकाच बॉलमागे धावत होत्या. फ्रँकी गोलमधून काहीतरी बोलली आणि अर्धी टीम हसली, त्यांच्यातल्याही दोघी हसल्या.

स्कोअर २–१ होता. आमचे दोन. मला वाटलं मी बोर्ड उलटा वाचतेय.

मी झाडाच्या आडोशाला होते. तिथे सावली होती म्हणून.

शेवटची काही मिनिटं राहिली असतील. ऐश्वर्याने घाबरून बॉल बाहेर मारला, तो कुंपणावरून माझ्या पायाशी आला. त्यांची एक खेळाडू धावत आली. मला ओळखायचं तिला काही कारण नव्हतं. म्हणाली, बॉल, मेट? आमच्या पोरी अजून मागे परतत होत्या, नीलिमा बुटाची नाडी बांधत खाली वाकली होती. मला ते सगळं दिसत होतं. पण कुणी वर बघायच्या आत मला तो बॉल तिथून घालवायचा होता. मी लगेच फेकला. सरळ तिच्या हातात. या वर्षातला माझा सगळ्यात अचूक पास.

तिने तिथूनच थ्रो घेतला. नीलिमाचं डोकं वर येईपर्यंत गोल झाला होता.

२–२. शिट्टी वाजली. आमच्या मुली जिंकल्यासारख्या ओरडत एकमेकींच्या अंगावर पडल्या. सीझनचा पहिला पॉइंट. जिंकलोच होतो, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

बस लगेच मिळाली.

२६ ऑगस्ट, मंगळवार

फ्रँकीशी बोलणं झालं. कमिटीने टीम पुढच्या वर्षासाठी ठेवली आहे. सोळा जणींनी आत्ताच नावं दिली. कोच नेमणार नाहीत, आळीपाळीने कुणीतरी बघेल. सरावाचा दिवस तोच. बार्बेक्यू चालू.

मी म्हटलं, थ्रोच्या वेळी बचाव ढिला पडतो, त्यावर काम करा. तिने विचारलं, तू आली होतीस? मी म्हटलं, कुणीतरी सांगितलं.

मग ती म्हणाली, कॅस, पुढच्या सीझनला नुसती खेळायला ये. जशा सगळ्या येतात तशी. तुला खेळता येत नाही, ते चालतं, इथे कुणालाच येत नाही. मी आधीच म्हणायला हवं होतं. पहिल्याच दिवशी.

आवाजात दया नव्हती. असती तर सोपं गेलं असतं.

मी म्हटलं, कळवते, शनिवारी बहुधा मला काम असतं.

फोन ठेवल्यावर मावशीने आतून विचारलं, सीझन संपला ना? मग आणतेस का पोरींना, फुगे करू? मी म्हटलं, त्या सगळ्या गावी गेल्यात.

शनिवारी मला काहीच काम नसतं.